सगळ्यांसमोर वजनकाटा नको: बैठं काम, सुटलेलं पोट आणि ऑफिसातली वजनाची स्पर्धा

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. पत्र लिहिणारे गृहस्थ ४१ वर्षांचे आहेत. राहायला इंदूरच्या राजेंद्रनगरात, नोकरी विजयनगरच्या बाजूला एका कंपनीत, अकाउंट्समध्ये. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ७९ किलो, कंबर ९८ सेंटिमीटर. २८व्या वर्षी नोकरीला लागले तेव्हा ६६ किलो होते. वडिलांना डायबेटीस. आता कंपनीच्या एचआरनं १२ आठवड्यांची वजन उतरवण्याची स्पर्धा काढली आहे. दर सोमवारी सगळ्यांसमोर वजन होणार, आकडे फलकावर लागणार आणि सगळ्यात जास्त किलो घटवेल त्याला बक्षीस. ते विचारतात, १२ आठवड्यांत १० किलो कसे उतरवू? घरचे म्हणतात तसा भात बंद करू का? की सरळ ते वजन उतरवायचं नवं इंजेक्शन घेऊ? आणि पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: सहकारी पोटावरून बोलतात, रविवारी रात्री झोप लागत नाही.

मी या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते. सगळ्यांसमोर वजन करून घेऊ नका. स्पर्धेत नाव दिलं नाही तर तुमचं काहीही अडत नाही. तुमचं वजन ही तुमची आणि तुमच्या डॉक्टरांची गोष्ट आहे, ती फलकावर लावायचा हक्क कुणालाही नाही. इंदूरच्या ऑफिसांमधून येणारे पेशंट मी वर्षानुवर्षं बघते आहे आणि अशा स्पर्धांनंतर काय होतं तेही बघितलं आहे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत माणूस पोळी-भात सोडतो, रात्रीचं जेवण टाळतो आणि काट्यावर चार किलो कमी दिसतात. त्यातलं बरंचसं पाणी असतं. वजनाच्या आदल्या दिवशी काही जण पाणीसुद्धा पीत नाहीत, आणि हे बीपीच्या गोळ्या चालू असलेली माणसं करतात! मग बक्षीस समारंभ होतो, फोटो निघतात आणि दिवाळीपर्यंत सगळं परत अंगावर येतं. उपासमारीत चरबीबरोबर स्नायूही गेलेले असतात. परत येते ती बहुतेक चरबीच.

अमेरिकेत टीव्हीवर चाललेल्या अशाच एका स्पर्धेतल्या १४ जणांना केव्हिन हॉल या संशोधकाच्या गटानं सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. २०१६ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्पर्धेत सरासरी ५८ किलो उतरले होते, त्यातले ४१ परत आले होते. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. त्या वजनाच्या माणसाचं शरीर नुसत्या विश्रांतीत जेवढी ऊर्जा खर्च करतं, त्याहून या लोकांचं शरीर रोज सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करत होतं. इतक्या वर्षांनंतरही! अशा शरीराचा माणूस शेजाऱ्याइतकंच जेवला तरी जाड होतो आणि वर ‘तोंडावर ताबा नाही’ हेही ऐकून घेतो.

आता तुमच्या आकड्यांकडे येऊ. वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, म्हणजे बीएमआय, तुमचा २८ येतो. भारतीयांसाठी २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. पाश्चात्त्य तक्त्यांत हेच आकडे २५ आणि ३० असे असतात. इंटरनेटवरचा कॅल्क्युलेटर कुठला तक्ता वापरतो हे न बघता ‘अजून ओव्हरवेटच आहे’ म्हणून निश्चिंत झालेले पुष्कळ भेटतात. आपल्यासाठी रेषा अलीकडे का, हे पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी फार छान दाखवलं आहे. त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच दोन फोटो आणि आकडे छापले. दोघांचाही बीएमआय नेमका २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. काट्यावर सारखीच माणसं, आत इतका फरक. आपल्याकडे हात-पाय किडकिडीत आणि पोट मात्र पुढे, अशी अंगकाठी घरोघरी दिसते. पोटातली ही चरबी यकृताला आणि इन्सुलिनच्या कामाला त्रास देते.

म्हणून तुमच्या पत्रात मला ७९ पेक्षा ९८ या आकड्याची जास्त काळजी वाटली. भारतीय पुरुषासाठी कंबरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत हवा, बाईसाठी ८० च्या आत. सोपा हिशेब हवा असेल तर कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावी, म्हणजे तुमच्या बाबतीत ८४. माप घेताना बहुतेक पुरुष फसतात. पॅन्टचा पट्टा पोटाच्या खाली सरकत जातो, म्हणून वर्षानुवर्षं ३४ नंबरचीच पॅन्ट बसते आणि पोट वाढलंय हे कळतच नाही. टेप उघड्या अंगावर लावायची, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता. महिन्यातून एकदा घेतलेलं हे माप पुरे.

काट्यावर फार विसंबू नका म्हणते, त्यालाही आधार आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटानं, ज्यांची शुगर काठावर आहे अशा भारतीयांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. चालणं आणि जेवणातले बदल एवढ्यानं डायबेटीस होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं, आणि या लोकांचं वजन जवळपास होतं तेवढंच राहिलं होतं! कंपनीच्या स्पर्धेत हे सगळे शून्य गुण मिळवून शेवटचे आले असते. वजन उतरलं तर फायदा आणखी वाढतो. अमेरिकेतल्या २००२ च्या मोठ्या अभ्यासात सात टक्के वजन घटवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं असं ध्येय होतं, तिथे ही घट ५८ टक्के होती. तुमच्या ७९ किलोंचे पाच ते सात टक्के म्हणजे चार ते साडेपाच किलो. सहा महिन्यांत एवढे उतरले तर मी खूश असेन. १२ आठवड्यांत दहा किलो मला नको आहेत.

तुम्ही लिहिता, ‘मी खादाड आहे.’ हिशेब करू या. १३ वर्षांत १३ किलो, म्हणजे वर्षाला एक. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात, ३६५ नं भागल्या की दिवसाला २१ येतात. खरं गणित याहून गुंतागुंतीचं आहे, कारण वजन वाढतं तसा शरीराचा खर्चही वाढतो आणि वाढलेलं वजन टिकायला रोज त्याहून बरंच जास्त खावं लागतं. पण रोज अंगावर साठलं किती, तर सरासरी २१ कॅलरी. चिमूटभर सेव. याला खादाडपणा म्हणत नाहीत. इतका बारीक फरक कुणालाही जाणवत नाही, तो दिवसाच्या घडणीतून येतो.

या घडणीचा सगळ्यात जुना पुरावा लंडनच्या बसमधला आहे. जेरेमी मॉरिस यांनी १९५३ मध्ये दाखवलं की तिथल्या दुमजली बसच्या ड्रायव्हरांना कंडक्टरांपेक्षा हृदयविकार जास्त होतो. एकच कंपनी, पण एक दिवसभर बसलेला आणि दुसरा जिन्यावरून खाली-वर करत तिकिटं फाडणारा. १९५६ मध्ये त्यांनी गणवेशाच्या मापांच्या नोंदी काढून बघितल्या, तर ड्रायव्हरांच्या विजारी कंबरेत मोठ्या निघाल्या. नोकरीत शिरतानाच हा फरक होता का, ही शंकाही त्यांनी घेतली, आणि ती रास्तच होती. पुढच्या सत्तर वर्षांच्या कामानं बैठ्या दिवसावरचा ठपका मात्र पक्का केला. तुम्ही ड्रायव्हरच्या सीटवर १३ वर्षं आहात, आणि घरापासून तिथपर्यंत जातानाही स्कूटरवर बसूनच जाता.

तुमचा दिवस तुम्ही सविस्तर लिहिलात ते बरं केलं. सकाळी पोहे. इंदूरचे पोहे वाफेवर ठेवलेले असतात, त्यात तेल फार नसतं, त्यांच्यावर माझा राग नाही. प्रश्न वरच्या गोष्टींचा आहे. ‘भिया, सेव थोडी ज्यादा’ म्हटलं की मूठभर पडते. तीस ग्रॅम सेव म्हणजे दीडशेच्या वर कॅलरी, शिवाय मीठ. बाजूला जिलबी. आणि हे खाऊन अकरा वाजता पुन्हा भूक लागते, कारण त्यात प्रथिनं जवळपास नाहीत. घरचे पोहे खा, त्यात मटार-शेंगदाणे घाला, सोबत मोड आलेल्या मटकीची वाटीभर उसळ घ्या. उसळ-पोहे आपल्या शहराला काही नवे नाहीत, फक्त वरची तर्री सोडा. जीरावण, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला, आणि लिंबू हवं तेवढं घ्या, मात्र जीरावणात मीठ असतं, तेव्हा बीपी असेल तर चिमटीनं.

मग चहा. ऑफिसात चार कट, म्हणजे अर्धे ग्लास, घरी दोन. कट लहान असतो म्हणून कुणी मोजत नाही, पण चहा पातेल्यातूनच गोड येतो. एका कटमध्ये दीड चमचा साखर धरली तरी ऑफिसातल्या चारांत ३० ग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा असं सांगते. म्हणजे जिलबी आणि वाढदिवसाचा केक मोजायच्या आधीच हद्द ओलांडली. तुमच्या सगळ्या दिवसात एकच गोष्ट बदलायची असेल तर मी ही निवडेन: ऑफिसातल्या चहावाल्याकडून बिनसाखरेचा चहा, साखर वेगळी. पंधरा दिवस बेचव लागेल, मग जीभ बदलते.

दुपारचा डबा तुम्ही स्क्रीनसमोर खाता, दहा मिनिटांत. पाच वाजता कचोरी किंवा समोसा मागवला जातो, कारण डब्यात तीन पोळ्या, बटाट्याची भाजी आणि लोणचं असतं. वहिनींना माझा निरोप द्या: दोन पोळ्या, एका डब्यात पालेभाजी किंवा फळभाजी, दुसऱ्या डब्यात घट्ट वरण किंवा उसळ किंवा पनीर, आणि दही. बॅगेत फुटाणे ठेवा. साडेचारलाच, भूक खवळायच्या आधी, मूठभर खा. कचोरी आठवड्यातून एकदा खा आणि आनंदानं खा.

भात बंद करायची गरज नाही. आपण वरण-भातावर वाढलेली माणसं आहोत आणि जे आयुष्यभर पाळता येत नाही ते मी सांगत नाही. एक वाटी भात, त्यावर भात झाकेल एवढं वरण, आधी कोशिंबीर. भातावर सेव नको. इंदूरच्या घरांत जेवणाच्या टेबलावर सेवेचा डबा कायम उघडा असतो, तो कपाटात वरच्या फळीवर जाऊ द्या. सराफ्याची, म्हणजे सराफ बाजारातल्या रात्रीच्या खाऊगल्लीची, मला फारशी भीती वाटत नाही. सोनारांची दुकानं बंद झाल्यावर तिथं महिन्यातून एकदा सगळ्या घरानं गराडू (तळलेला कंद), भुट्ट्याचा कीस खाल्ला तर त्यानं कुणी आजारी पडत नाही. मला भीती आहे ती रोजच्या रात्री दहाच्या जेवणाची. तुम्ही साडेआठला घरी येता, बातम्या बघत दहाला जेवता, अकराला आडवे होता आणि बारापर्यंत मोबाईल. आठला घरी पोचणं तुमच्या हातात नसेल, पण आल्या आल्या जेवणं आहे. बातम्या नंतर बघा, जेवून दहा मिनिटं कॉलनीतून चक्कर मारल्यावर.

झोपेबद्दल जरा थांबून लिहिते, कारण पत्रात तुम्ही ते ओझरतं लिहिलंय आणि मला तिथेच जास्त खटकलं. तुम्ही घोरता, दुपारी तीनला एक्सेल उघडं असताना डोळा लागतो आणि सकाळी डोकं जड असतं. हे स्लीप ॲप्निया असू शकतं, म्हणजे झोपेत श्वास अडखळतो आणि मेंदू रात्रभर अर्धवट जागा राहतो. घरातल्यांना विचारा, घोरता घोरता आवाज मध्येच थांबतो आणि मग गुदमरल्यासारखा श्वास घेता का? उत्तर हो असेल तर छातीरोगतज्ज्ञांना किंवा नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवून झोपेची तपासणी करून घ्या. हे वजनामुळे होतं आणि वजन वाढवतंही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तरुण, निरोगी पुरुषांना फक्त दोन रात्री चार-चार तास झोपू दिलं, तर भूक वाढवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं, पोट भरल्याची जाणीव देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं, आणि त्या मुलांना ओढ लागली ती गोड-खारट-पिठूळ पदार्थांची. पाच वाजताच्या कचोरीचं मूळ आदल्या रात्रीत असतं ते असं.

हालचालीसाठी जिमची फी भरू नका, निदान आत्ता तरी. आधी खुर्ची सोडायला शिका. दर अर्ध्या तासानं दोन मिनिटं उठून चाला. पाण्याची बाटली टेबलावर न ठेवता लहान पेला ठेवा म्हणजे उठावंच लागेल. फोन उभ्यानं घ्या. तुमचं ऑफिस चौथ्या मजल्यावर आहे, उतरताना जिना आजपासून, चढताना दोन मजले जिना आणि पुढे लिफ्ट. गुडघे दुखत असतील तर चढणं सोडा. अशी थोडी थोडी हालचाल केल्यानं जेवणानंतरची शुगर आणि इन्सुलिन दोन्ही कमी राहतात, हे २०१२ मध्ये डेव्हिड डनस्टन यांच्या गटानं ऑस्ट्रेलियात दाखवलं. आठ तासांच्या बसण्याची पूर्ण भरपाई करायला रोज ६० ते ७५ मिनिटं भरभर चालावं लागतं, असं २०१६ मधल्या ‘लॅन्सेट’मधल्या मोठ्या विश्लेषणात दिसलं. तुम्हाला सध्या तेवढं जमणार नाही आणि म्हणून हिरमुसूही नका. आठवड्याला १५० मिनिटं हे पहिलं ठिकाण. सकाळी कॉलनीच्या बागेत ३० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा चालीनं, पाच दिवस. आणि आठवड्यातून दोनदा स्नायूंसाठी काहीतरी: सूर्यनमस्कार, भिंतीला टेकून जोर, खुर्चीवरून हात न लावता उठ-बस. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होत जातात, आणि खाल्लेली साखर जिरवण्याचं मोठं काम तेच करतात.

इंजेक्शनबद्दल. टिर्झेपॅटाइड म्हणजे माउंजारो मार्च २०२५ मध्ये आपल्याकडे आलं, वजनासाठीचं सेमाग्लुटाइड म्हणजे वेगोव्ही त्याच वर्षी जूनमध्ये. चांगली औषधं आहेत, मी त्यांच्या विरोधात नाही. बीएमआय ३० च्या पुढे असेल, किंवा २७ च्या पुढे असून सोबत डायबेटीस, बीपी, ॲप्निया असं काही असेल, तर त्यांचा विचार होतो. तुमचे रिपोर्ट यायच्या आधी त्यावर बोलणं घाईचं आहे. एवढं लक्षात ठेवा, सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत आल्याचं दिसलं आहे, म्हणजे ही १२ आठवड्यांची गोष्ट नव्हे. खाणं खूप कमी झालं आणि प्रथिनं-व्यायाम नसले तर स्नायूही जातात. जिमच्या ट्रेनरकडून किंवा मित्राच्या ओळखीनं ही औषधं घेऊ नका.

एचआरला काय सांगायचं, तेही विचारलंत. अमेरिकेतल्या एका मोठ्या दुकानसाखळीत सुमारे ३३ हजार कर्मचाऱ्यांवर वेलनेस कार्यक्रमाची रीतसर चाचणी झाली, २०१९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. दीड वर्षानं ‘मी व्यायाम करतो’ म्हणणारे वाढले होते, पण वजन, बीपी, कोलेस्टेरॉल यांत फरक नव्हता. माणसाला भाषण दिलं आणि त्याचा दिवस तसाच ठेवला तर असंच होणार. तेव्हा चार ओळींचा मेल लिहा, एकट्यानं न लिहिता दोन-तीन सहकाऱ्यांची नावं घालून. वजन फलकावर लावू नये, ज्याला हवं त्याची तपासणी बंद खोलीत व्हावी आणि आकडे त्याच्यापाशीच राहावेत. चहात साखर वेगळी मिळावी. दीड ते सव्वादोन मीटिंग ठेवू नये. मार्चएन्डला रात्री दहापर्यंत थांबवलं तर जेवण म्हणून पिझ्झा न मागवता थाळी मागवावी. जून २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं ऑफिसांमध्ये तेल आणि साखरेची माहिती देणारे फलक लावा असं सुचवलं आहे, त्याचाही उल्लेख करा. फलक लावायची हौस असेल तर तो लावता येईल.

ब्रिटनमधल्या सरकारी नोकरांचा १४ वर्षं मागोवा घेतलेल्या अभ्यासात, ज्यांच्यावर कामाचा ताण सतत राहिला त्यांच्यात पोट, बीपी, शुगर यांचं एकत्र दुखणं दुपटीहून जास्त आढळलं होतं. तुमच्या साहेबांना हे वाक्य जसंच्या तसं पाठवलंत तरी चालेल.

पोटावरून बोलणाऱ्यांना एकदाच, शांतपणे, ‘हे मला आवडत नाही’ म्हणा. त्यानंतरही रविवारची रात्र तशीच जात असेल, कामात मन लागत नसेल, खाणं हाच एक दिलासा वाटत असेल, तर ते वजनाइतकंच तपासून घ्यायचं दुखणं आहे. सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास आणि फुकट आहे. इंदूरमध्ये मानसोपचारतज्ज्ञही आहेत, त्यांच्याकडे जाण्यात कमीपणा काहीच नाही.

या आठवड्यात एवढं करा. सकाळी उपाशीपोटी शुगर, एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर), लिपिड म्हणजे रक्तातली चरबी, यकृताच्या तपासण्या, थायरॉइडची टीएसएच आणि बी१२ जीवनसत्त्व. थायरॉइडमुळे सहसा तेरा किलो वाढत नाहीत, पण ते बघून टाकलं की मनातून जातं. बीपी तीन वेगवेगळ्या दिवशी, पाच मिनिटं शांत बसल्यावर मोजा. कुठल्याही कारणानं स्टेरॉइड किंवा झोपेची, मनाची औषधं चालू असतील तर त्यांची नावं लिहून ठेवा, त्यातल्या काहींनी वजन वाढतं. ती स्वतःहून बंद मात्र करू नका. छातीत दाब, जिना चढताना नव्यानं दम लागणं, खूप तहान आणि वारंवार लघवी, यांपैकी काही असेल तर रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. वडिलांना डायबेटीस कितव्या वर्षी निघाला, तेही घरी विचारून ठेवा. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ च्या मध्ये आली तर घाबरून जाऊ नका. तीच वेळ असते जेव्हा चालणं आणि डबा सगळ्यात जास्त काम करतात, आणि मग तीन महिन्यांनी आपण पुन्हा तपासू.